मांडायचे हात

"हे हात मांडायचे. मोडायचे न्हाईत." आबा असं म्हणत दोन्ही तळवे पुढं धरायचे, आणि आपण ते तपासून पाहावेत अशा बेतानं थोडा वेळ तसेच ठेवायचे.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत वाटायचा, पाव मोडावा तो दीक्षा झालेल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनीच, आपण फक्त टेबल मांडावं, एवढाच त्याचा अर्थ. आबा वडगाव निंबाळकरजवळच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे मंडळीनं निवडलेले कारभारी. त्यांचं सगळं आयुष्य साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलं होतं. उसाच्या गाडीवाल्यानं कितीही गोड बोलून पाहिलं तरी काटा दाखवील तेच ते लिहायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा आदर वाटतो, आणि त्यांच्याशी वाद घालायचं ठरवलं तर आपलंच डोकं दुखतं.

पाळक बारामतीहून महिन्यातून एकदा यायचे. आबा हंगामात काळ्या द्राक्षांचा रस उकळून, फडक्यातून गाळून वर्षाच्या बाटल्या भरून ठेवत. द्राक्षं शेजारच्या बागेतल्या तात्यांची. तात्या वारकरी, गळ्यात माळ, पण दर हंगामाला "देवाच्या कामाला हायेत" म्हणत पाटीभर आणून ठेवायचे. पांढरं कापड आबांच्या घरून इस्त्री होऊन येई. त्यावर काचेचे इवलेसे पेले आबा एका ओळीत लावत आणि मग डोकं तिरपं करून ओळ सरळ आहे का ते बघत.

कधी पाळकांची मोटारसायकल बंद पडे आणि ते येत नसत. मग आबा एकेक पेला पुन्हा बाटलीत ओतत आणि पाव पोरांना वाटून टाकत. "आशीर्वाद न्हाय झाला तवर ही नुसती न्याहारी," असं ते म्हणायचे. पोरांना पाळक न आलेलेच जास्त आवडत असावेत.

मला हे पटत नसे. मी शाळेत शिकवते, त्यामुळे वाद घालायची खोड आहेच.

"आबा, त्या पहिल्या प्रभुभोजनाला येशूबरोबर बसलेले तरी कोण होते? मासे धरणारी माणसं. त्यांना कुणी दीक्षा दिली?"

"त्यास्नी धन्यानं सवता बसवलं, पोरी. मला कुणी बसवलं?"

यावर मला नुसता राग यायचा.

मग माझी आई शेवटच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. एका शनिवारी सकाळी ती म्हणाली, "मला प्रभुभोजन पायजे." तिनं आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. मी पाळकांना फोन केला. ते इंदापूरला लग्न लावायला गेले होते. चारपर्यंत पोचतो म्हणाले.

आबा लगेच आले. आईच्या खाटेजवळ स्टूल ओढून त्यांनी त्यावर कापड अंथरलं, पाव ठेवला, एक पेला भरला. आईचा श्वास मला ऐकवत नव्हता.

"आबा, चारपर्यंत ती थांबेल असं वाटत नाही. तुम्हीच द्या."

"मला तो अधिकार न्हाय."

"इथं कोण बघतंय?"

"काट्यावर बी कुणी बघत नव्हतं," ते म्हणाले. ते उठून रस्त्यावर मोटारसायकल दिसते का बघायला फाटकाशी गेले आणि उन्हात उभे राहिले.

आईनं हात सरकवून कापडाची कड धरली. "मांडलंय न्हवं त्यांनी. बास झालं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. पाळक पोचायच्या आधी पाव तास ती गेली.

तिचे ते शब्द मी आबांना सांगितले नाहीत. सांगितले असते तर त्यांना बरं वाटलं असतं, आणि त्यांना बरं वाटावं अशी माझी इच्छा नव्हती. सात वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. दर महिन्याला ते टेबल मांडत होते, आणि मी नजर दुसरीकडे वळवत होते.

गेल्या उन्हाळ्यात आबा आजारी पडले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, बोलावलं म्हणून मी गेले. या वेळी पाळक वेळेवर आले होते. त्यांनी प्रार्थना केली आणि पाव हातात घेतला, तशी आबांनी मान फिरवली.

"सात वर्सं झाली, त्यांनी घेतलं न्हाय," काकू म्हणाल्या. "सगळ्यांचं मांडत्यात, आन सोता तसंच माघारी येत्यात."

आबा माझ्याकडे बघत होते. "तुजी आई उपाशी गेली," ते म्हणाले. "मी बी तसाच जाणार."

खाटेशी बसून मी आईचं ते वाक्य त्यांना सांगितलं. इतकी वर्षं का सांगितलं नाही, तेही सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मांडलंय न्हवं, म्हणाली?"

"हो."

"आन बास झालं, म्हणाली?"

"हो, आबा. घ्या आता."

त्यांनी हळूच नाही अशी मान हलवली. "नुसतं मांड. तुज्या आईला पुरलं, मला बी पुरंल," ते म्हणाले.

काकूंनी ट्रंकेतून कापड काढून दिलं. मी ते स्टुलावर अंथरलं, पेला भरला, आणि तो मध्यावर आहे का ते डोकं तिरपं करून पाहिलं. आबांनी हात लांबवून कापडाची कड धरली. पाळकांनी हातातला पाव न मोडता ताटलीत ठेवला आणि ते आमच्याजवळ खाली बसले.