तीन हजारांच्या पुढची थरथर

माझ्या हातून बिघडलेली गाडी माझा मोठा भाऊ सहा दिवस दुरुस्त करत होता आणि मी शेजारी उभा राहून त्याला पाने-पक्कड पुरवत होतो. भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली भट्टी पेटली त्या वर्षीच्या दसऱ्यानंतरची ही गोष्ट. माझं वय तेव्हा चोवीस, म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती.

दादा कारखान्याच्या मोटार गॅरेजात मेकॅनिक होता. अडीच-तीन वर्षं त्यानं कच्च्या नोकरीवर काढली होती, आणि पक्क्या माणसांची यादी त्याच महिन्यात निघणार होती. यादीत नाव लागलं की कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, क्वार्टर. वहिनी दोन लेकरं घेऊन कॅम्पातल्या टिनाच्या खोलीत राहत होती. तिथं पिठाचा डबा उघडला तरी लाल धूळ आत जायची. चूल कुठं मांडायची, पाळणा कुठं टांगायचा, हे सगळं तिनं न पाहिलेल्या क्वार्टरमध्ये ठरवूनही टाकलं होतं. मी दुर्गच्या लोको शेडमधून आलेला. दादानं शब्द टाकला म्हणून मला गॅरेजात सहा महिन्यांच्या ट्रायलवर घेतलं होतं.

गाडी गॅरेजच्या मोठ्या साहेबांची. दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची, खास शर्यतीसाठी बांधलेली. खासगी गाडी कारखान्याच्या गॅरेजात आणणं नियमात बसत नव्हतं, पण नियम सांभाळणारेही साहेबच होते. कलकत्त्याला शर्यत होती आणि दसऱ्यानंतरच्या शनिवारी दुपारी दुर्ग स्टेशनवर ती मालडब्यात चढायची होती. क्लच घसरत होता म्हणून दादानं गिअरबॉक्स उतरवला, इंजिनच्या मागच्या जड चाकावरचं, म्हणजे फ्लायव्हीलवरचं, क्लचचं कव्हर काढलं आणि नव्या प्लेटची वाट पाहता पाहता सणाला वहिनीच्या माहेरी, भंडाऱ्याला गेला. सुटे भाग माझ्या ताब्यात आले.

मधे खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवसाचा मोठा दरारा. बाबा शेडमधले फिटर. त्या दिवशी उघडलेला प्रत्येक भाग रॉकेलनं धुवायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा, वरून बाबा पांढरं फडकं फिरवून पाहणार आणि फडक्याला डाग लागला तर सगळ्यांसमोर खरडपट्टी काढणार. शेडमध्ये दोन भागांची जोडी सांगणारी खूण असते ती छिन्नीनं लोखंडात ठोकलेली. ती घासून जात नाही. म्हणून लोखंडावरचा रंग म्हणजे मळ, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. मी कव्हर घासलं. फ्लायव्हील जागेवरच होतं, तेही घासलं. कव्हरला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि स्वतःवर खूश झालो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नवी प्लेट आली. सहा बोल्ट होते, सहा भोकं होती, सगळी सारखीच. कव्हर जसं हाताला आलं तसं चढवलं. दादा दुपारी आला तोवर गिअरबॉक्स चढवून गाडी पुरी जोडून झाली होती. माझ्यावर विश्वास म्हणून त्यानं न उघडता कामाच्या कार्डावर सही केली.

साहेब गाडी मरोद्याच्या रस्त्यानं घेऊन गेले आणि वीस मिनिटांत परत आले. त्यांनी हात पुढे करून दाखवला. बोटं अजून थरथरत होती. "तीन हजार के ऊपर जाती ही नहीं. किसने बिठाया है?" दादा म्हणाला, "मैंने." मी मनात म्हटलं, सही त्याचीच आहे, म्हणून म्हणाला असेल. साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिली. जाता जाता यादीचा विषय त्यांनी काढला, तो का काढला हे समजायला फार डोकं लागत नव्हतं.

हळू चालवली तर गाडी निमूट. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांपुढे गेला की ती थरथर सुरू होई, आधी पायाखाली, मग दातांत. पहिल्याच दिवशी धूर सोडणाऱ्या नळीची पट्टी तुटली. दुसऱ्या दिवशी रेडिएटरचा सांधा फुटून पाणी गळू लागलं. तिसऱ्या दिवशी इंजिन धरून ठेवणारा एक बोल्ट मानेतून तुटला. दादा एक तुटलेलं जोडी, तोवर दुसरं तुटे. दाढी वाढली होती, डबा तसाच परत जात होता.

मी सुरुवातीला चाकांवर शंका घेतली. दादा म्हणाला, "चाकं नाहीत रे. गाडी उभी हाय अन् तरी थरथरून राहिली. चाक फिरूनच नाही राहिलं तर ते कसं हलवन?" मग त्यानं एकेका प्लगची तार काढून पाहिली. सगळे सिलिंडर ठीक. पंख्याचा पट्टा काढून इंजिन चालवलं. तरी तेच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून तो तासभर बेअरिंगं ऐकत बसला. क्लच दाबून धरला, म्हणजे गिअरबॉक्स सुटा झाला, तरी थरथर जशीच्या तशी. क्लचवरचा पाय न उचलता तो म्हणाला, "गिअरबॉक्स नाही, प्लेट नाही. आता इंजिनामागचं जड चाक अन् कव्हर, एवढंच उरलं."

तेव्हा मला कळलं. कव्हरच्या कडेला आणि फ्लायव्हीलवर, समोरासमोर, एकेक पांढरी रेघ होती. मीच घासून काढली होती. शर्यतीच्या गाडीत या दोन्हींचं वजन जोडीनं तोललेलं असतं. रेघेला रेघ जुळली नाही तर एका बाजूचा भार दर फेऱ्याला इंजिनाला हिसके देत राहतो. हे मला आधी माहीत नव्हतं हे खरं. पण त्या क्षणापासून माहीत होतं हेही तितकंच खरं. मी तोंड उघडलं नाही. ट्रायलवरचा माणूस मी, मला उभ्या उभ्या हाकललं असतं. बाबांना काय तोंड दाखवणार, हा विचार तर सगळ्यात आधी आला. इतका भित्रा आपण आहोत हे माणसाला चोवीस वर्षं कळत नाही याचं मला अजून नवल वाटतं.

गुरुवारी गिअरबॉक्स खाली आला. थरथरीनं त्याच्या बाहेरच्या कवचावर केसाएवढी चीर पडली होती. दादा ती अंगठ्यानं चाचपत राहिला. ती चीर भिलाईत भरून निघणारी नव्हती. मग त्यानं कव्हर उजेडाकडे फिरवून पाहिलं. रिव्हेटच्या खाचेत थोडी पिवळी हळद अडकली होती. ती त्यानं नखानं काढली.

"इथं पांढरी रेघ होती ना गा?"

"मले नाही दिसली," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पाना मागितला.

कव्हर बसायच्या जागा सहा, त्यातली एक चुकीची हे ठाऊक होतं. उरल्या पाच. प्रत्येक वेळी गिअरबॉक्स उतरवायचा, कव्हर एक भोक पुढं सरकवायचं, पुन्हा चढवायचं, इंजिन तीन हजारांवर न्यायचं. शुक्रवारी तीन वेळा केलं. एका जागी तर थरथर इतकी वाढली की ट्रेमधले बोल्ट आपोआप चालू लागले. दादा जमिनीवर बसून राहिला, हात मांडीवर, आणि म्हणाला, "लेकराइले काय सांगू आता?" मी गाडीखाली उताणा पडलो होतो. तिथलं रडणं कुणाला दिसत नाही, त्याचा मी फायदा घेतला.

शनिवारी सकाळी चौथ्या जागेवर इंजिन शांत झालं. चार हजारांवरही बॉनेटवर ठेवलेला पाण्याचा पेला हलला नाही. दादाला आनंद झाला नाही. साहेब आले तेव्हा त्यानं स्वतःच चीर दाखवली. गाडी मालडब्यात चढली नाही. साहेबांनी सोमवारपर्यंत लेखी खुलासा मागितला.

दादानं खुलासा त्याच दिवशी लिहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. रविवारी तो दिवसभर कॅम्पातच होता. मी जेवायला गेलो, दोन्ही वेळा. तो माझ्याशी नेहमीसारखाच बोलला, आणखी वाढू का म्हणाला. सोमवारी दुपारी त्यानं सही करून कागद दिला. कागदावर गाडीचा उल्लेख नव्हता, कामात हलगर्जी झाली एवढंच होतं. यादीतून नाव गेलं. त्याला राजहऱ्याच्या खाणीत डंपरच्या कामावर पाठवलं. वहिनी लेकरं घेऊन पुन्हा एका टिनाच्या खोलीत गेली. गॅरेजात त्याच्या जागी मला घेतलं.

अडीच वर्षांनी मला क्वार्टर मिळालं. दादाला रजा नव्हती, वहिनी एकटीच आली. तिनं खोल्या पाहिल्या, स्वयंपाकघरातला नळ उघडला आणि पाण्याखाली हात धरून उभी राहिली. म्हणाली, "चांगली धार हाय." मला ते सहन झालं नाही. मी तिथंच, भिंतीला टेकून, रेघ मीच पुसली होती हे सांगून टाकलं.

वहिनीनं नळ बंद केला नाही. म्हणाली, "भाऊजी, हे आमाले तवाच माहीत होतं. त्याइनं कागद दोन दिवस खिशात कायले ठेवला होता? तुम्ही येऊन सांगसान म्हणून."

मी म्हणालो, मी सांगितलं असतं तर दादाचं नाव राहिलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगतलं असतं तरी सही त्याइनंच केली असती. तुमाले ते जाऊ देणार होते का? फक्त तुम्ही सांगाले पायजे होतं."

मग तिनं चहाला पातेलं मागितलं, आणि मी ते शोधायला म्हणून आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ उभा राहिलो.