बाहेर एक क्लिक

मंदाबाईंची नोकरी माझ्यामुळे गेली. पाच वर्षं मी हे कोणाजवळ बोललो नाही. भित्रा आहे मी, दुसरं काय!

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, त्या गेटवर बसायच्या. कापसाची गाडी आली की मूठभर कापूस दाबून बघायच्या आणि ओला की कोरडा ते रजिस्टरात लिहायच्या. बावीस वर्षं त्यांचा शब्द कधी चुकला नव्हता. २००३ साली शेठजींना कम्प्युटरची हौस आली. सिंदी मेघेत व्हिज्युअल बेसिकमध्ये प्रोग्राम लिहायला शिकून मी नुकताच उंटावरचा शहाणा झालो होतो, मलाच काम मिळालं. गाडीच्या नंबरवर क्लिक केलं की एक छोटी खिडकी उघडायची, त्यात कापसाची ओल लिहायची.

"भाऊ, करंट तं नाई ना लागत याले?" माऊस बघून मंदाबाईंनी विचारलं होतं.

मी शिकवलं, "लिहून झालं का खिडकीच्या बाहेर, रिकाम्या जागी एक क्लिक करजा. जमा होते आपोआप."

आठ दिवसांत बाई तयार झाल्या. "लिवलं, अन् बाहेर क्लिक," असं पुटपुटत कामं उरकायच्या.

दिवाळीनंतर शेठजी कावले. "ह्या खिडक्या उघड्याच राहून राह्यल्या बे, बंद कर!" मी बाहेर क्लिक केलं की खिडकीच मिटेल असं करून दिलं. रिकामी खिडकी उघडून पाहिली, मिटली. खूश! आत लिहिलेलं जमा होतं का, ते पाहिलंच नाही. मजकूर जमा व्हायच्या आधीच खिडकी मिटत होती, लिहिलेलं तिच्यासोबतच जात होतं.

ओलीचा शेरा नसलेली गाडी कोरडी धरायचे. दहा-बारा ओल्या गाड्या कोरड्या कापसाच्या गंजीत रिकाम्या झाल्या. गंजी आतून तापली, कापूस पिवळा पडला. शेठजींनी मंदाबाईंना सगळ्या मजुरांसमोर झाडलं आणि मला विचारलं, "प्रोग्रामात काही गडबड हाय का?"

चूक माझीच आहे, हे मला एका नजरेत कळलं होतं.

"नाही शेठजी," मी म्हणालो, "त्यांचाच हात बसला नसेल."

मग गुपचूप प्रोग्रामातल्या दोन ओळी खालीवर केल्या, आधी जमा आणि मग मिटणं, काम झालं. त्याच शनिवारी बाईंना काढलं. जाताना मलाच म्हणाल्या, "तुमी एवढं शिकवलं भाऊ, माह्याच डोस्क्यात नाई शिरलं. माफ करजा."

ते 'माफ करजा' मला जेवू देईना. तरी तोंड उघडायला २००८ उजाडलं. त्यांच्या घरी गेलो तेव्हा सून हर्षा त्यांना मोबाईल शिकवत होती. त्या तो दूर सारत होत्या. "नोको वं माय, माह्या हातानं बिघडते सारं."

मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"म्हंजे मी बरोबर करत होती?" मंदाबाईंनी विचारलं.

"हो."

"पाच वर्सं मी घरच्या टीव्हीचं बटन नाई दाबलं, भाऊ. तवाच काऊन नाई बोलले?"