मामांचे पाठ खड्डे

नाशिकहून सिन्नरला आजारी बाळ आणायला निघालो की आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, मामा, वाटभर पुटपुटतात. मला आधी वाटायचं, नामस्मरण चाललंय. ते खड्डे पाठ करत असतात.

येताना काचेच्या पेटीत ओंजळीत मावेल एवढं बाळ असतं, घशात श्वासाची नळी. एक हिसका बसला तरी ती निसटेल. मामा पुढून सांगतात, "सिस्टर, ब्रेकर." मी नळी धरते, मगच चाक चढतं.

काल मामांशेजारी बसलेला बाळाचा बाप कळवळला, "मामा, जोरात घ्या ना!"

"दादा, मागं लेकरू हाय, कांद्याच्या गोण्या नाय."

बाळ सुखरूप डॉक्टरांच्या हाती दिलं. मग रिकामी गाडी डिझेल भरायला नेताना मामा हळूच म्हणाले, "सिस्टर, ब्रेकर."

माझा हात रिकाम्या पेटीत गेलासुद्धा.