डोळे शेवटी

रविवारी रफिकभाईच्या फोटोफ्रेमच्या दुकानात आम्ही तिघं बसलो की किस्से साचतात. रंगाच्या वाटीला थर बसतो तसे. कोणी खरवडत नाही, म्हणून जाड होत जातात.

मी आरमोरीचा. शाळा चौथीपर्यंत. जन्मभर गणपती रंगवले, तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी नंदी रंगवले. म्हातारपणी मुलाकडे चंद्रपूरला आलो. इथे दातांचे एक डॉक्टर आहेत. ते मित्रांसोबत टेबलावर लढाई खेळतात. शिपाई प्लास्टिकचे, अंगठ्याएवढे, कोरे येतात; रंग आपण द्यायचा. त्यांनी रंगवलेला पहिला शिपाई मी हातात घेतला आणि विचारलं, "याले रंगवलं का लिपलं?"

तेव्हापासून शिपाई माझ्याकडे येतात.

* * *

पहिल्याच दिवशी डॉक्टर मला शिकवायला लागले. "भाऊ, आधी डोळे करा. चुकले तर चेहऱ्याच्या रंगानं झाकता येते."

"डोळे शेवटी उघडतात. गणपतीचे शेवटी, नंदीचे शेवटी. तुमचा शिपाई कोण लागून गेला?"

डॉक्टरांनी ब्रश माझ्या हातात दिला.

* * *

चंद्रपूरच्या मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळतो. रफिकभाईनं उपाय काढला. स्टीलच्या डब्यात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. दिवसभर ओला राहतो. पण त्याचा जेवणाचा डबाही तसाच. एकदा मी सेनापतीच्या झेंड्याला पिवळा दिला. छान पातळ लागला. मग हिंगाचा वास आला!

रफिकभाई म्हणाला, "भाऊ, वरण परत द्या."

* * *

कापाकापी रफिकभाईकडे. एकाचा हात काढायचा, दुसऱ्याला लावायचा. आत तार घालायची, सांधा पुट्टीनं भरायचा. एकदा त्यानं मुंडकं उलटं बसवलं. सकाळपर्यंत पुट्टी दगड.

"रफिकभाई, हा मागं पाहून राह्यला."

"पळणाऱ्याले मागंच पाहावं लागते, भाऊ!"

* * *

गेल्या पोळ्यापासून माझा उजवा हात थरथरतो. कोणाला सांगितलं नव्हतं. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची, कोपरं टेबलावर, श्वास रोखायचा आणि बुबुळाचा ठिपका द्यायचा. आधी एका श्वासात दोन डोळे व्हायचे. आता चार श्वासांत एक होत नव्हता.

एका रविवारी मी म्हटलं, "पंखा बंद करा. वाऱ्यानं हात हलते."

पंखा बंद झाला. सगळे घामानं भिजले. ब्रश तसाच हलत होता. डॉक्टर वर्तमानपत्र वाचायला लागले.

थोड्या वेळानं रफिकभाई म्हणाला, "बाजूच्या दुकानाचा पंखा चालू असंन."



* * *

नागपूरच्या स्पर्धेसाठी डॉक्टरांनी एक सेनापती दिला. घोड्यावर बसलेला, डोकं उघडं. तीन दिवस लागले. गालावर पाच छटा, एकीत दुसरी विरलेली. असं काम माझ्याकडून परत होणार नाही, हे मला कळत होतं. राहिले डोळे. ब्रश नेला, मागे घेतला. परत नेला, मागे घेतला. एक चुकीचा ठिपका पडला की तीन दिवस गेले. संध्याकाळी डॉक्टर न्यायला आले.

"भाऊ, डोळे?"

"मिटले आहेत."

"घोड्यावर?"

"लढून थकला."

पापण्यांखाली मी एकेक बारीक रेघ दिली होती. तेवढी सरळ आली. डॉक्टरांनी सेनापती कापसात ठेवला. माझ्या हाताकडे पाहिलं.

नागपूरला परीक्षकानं भिंग लावून पाहिलं. "चेहरा फार उत्तम आहे. पण यानं डोळे का मिटले?"

रफिकभाई पुढे झाला. "साहेब, समोर तुमची फौज पाह्यली ना!"

नंबर आला नाही. तो मिटलेला सेनापती डॉक्टरांनी दवाखान्यात काचेत ठेवला.

* * *

त्यानंतर दोन रविवार डॉक्टरांनी काम आणलं नाही. मी घरी रिकामा बसलो. वाटलं, संपलं. तिसऱ्या रविवारी गेलो तर टेबलावर नवा खोका. वीस शिपाई. मी एकेक उचलून पाहिला. विसाच्या विसांना लोखंडी टोप, हनुवटीपर्यंत. चेहरा एकालाही नाही.

"डॉक्टर, यायचे डोळे कुठं गेले?"

"दुकानात हेच उरले होते, भाऊ."

मी रफिकभाईकडे पाहिलं. तो काच पुसत होता. काच स्वच्छ होती.

मी म्हटलं, "लोखंड आहे. चकाकी आणावी लागंन. वेळ लागंन."

"लागू द्या, भाऊ."