शाळेतलं गाजरगवत

मध्य प्रदेशातल्या आमच्या शाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि शाळेचे शिपाई. मी बालाघाटहून बसने लालबर्ऱ्याच्या बाजूच्या त्या गावी जायची आणि अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. बाकी सगळा कारभार हिंदीत. शिपायांचं घराणं भंडाऱ्याकडचं, शेतकरी. माझे वडील भरवेलीच्या खाणीत कामाला आलेले, तेही तिकडूनच. शिपाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायची. मी बसमधून उतरले की ते फाटकापाशीच विचारायचे, "आज उशीर काहून झाला, म्याडम?" दिवसभरात तेवढंच काय ते घरचं बोलणं कानावर पडायचं.

पंधरा ऑगस्ट जवळ आला की मैदान साफ करावं लागे. पावसाने गाजरगवत कमरेएवढं वाढलेलं असायचं. गाजराच्या पाल्यासारखी पानं, वर पांढरी बारीक फुलं. पूर्वी ते मुलांकडून उपटून घेत. मी रुजू झाले त्या वर्षी दोन-तीन मुलींच्या हाताला खाज सुटली, तेव्हा मी मुख्याध्यापकांना सांगून ते बंद करवलं. गाजरगवताने त्वचेला त्रास होतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मग दादांना म्हटलं, "दादा, पोरांना नका लावू या कामाला. तुम्हीच उपटून टाका दोन-तीन दिवसांत."

"हौ, म्याडम. टाकतो ना."

ते उघड्या हातांनी उपटायचे, पेंढी छातीशी धरून कुंपणापलीकडे नेऊन टाकायचे, आणि ज्या गमछ्यात गवत बांधलं त्यानेच तोंडाचा घाम पुसायचे. हे सहा-सात वर्षं चाललं. वर्गाच्या खिडकीतून मला ते दिसायचे. मुलांना वाचवलं याचं समाधान मला होतं. दादांच्या हातांचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही.

मग एका सप्टेंबरात ते म्हणाले, "डोळ्याले लय खाज सुटून राह्यली, म्याडम." पापण्या सुजल्या होत्या. धूळ गेली असेल, असं मी सांगितलं. थंडीत सूज उतरली. पुढच्या पावसाळ्यात मान, कानामागची जागा, कोपराच्या घड्या लाल झाल्या, चिघळल्या. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. लावली की बरं वाटायचं, सोडली की दुप्पट उसळायचं. तिसऱ्या वर्षी ते थंडीतही गेलं नाही. चेहऱ्याची कातडी जाड आणि काळी पडली, कपाळावर खोल आडव्या रेघा उठल्या, कानाच्या पाळ्या फुगल्या. दुरून बघणाऱ्याच्या मनात जे यायचं तेच गावाच्या मनात आलं.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. "मैडम, बच्चों के माँ-बाप पूछ रहे हैं. आप तो बायोलॉजी की हैं. कहीं कोढ़ तो नहीं है?"

मला खात्री नव्हती, पण कुष्ठरोग असा ऋतूबरोबर कमी-जास्त होत नाही एवढं मला कळत होतं. ते सांगता आलं असतं. मी म्हणाले, "डॉक्टर को दिखाना पड़ेगा," आणि वर्गावर निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून दादांचं शिक्षकांच्या खोलीत चहा-पाणी नेणं बंद झालं. त्यांना फाटकाजवळ खुर्ची दिली. कुंपणापलीकडचं गाजरगवत सगळ्यात दाट होतं ते तिथेच. उन्हात, फुलांच्या वाऱ्यावर ते दिवसभर बसत आणि त्यांचा चेहरा आणखी बिघडत गेला. मी रोज त्यांच्या समोरून आत जायची.

एक दिवस मला ठसका लागला म्हणून त्यांनी धावत येऊन पाण्याचा पेला पुढे केला. मी घेतला, दोन पावलं पुढे गेले आणि पाणी कुंडीत ओतलं. हे मी ठरवून केलं नाही. हातानेच केलं.

परतीच्या बसमध्ये मला बाबा आठवले. माझे वडील लहानपणी गावच्या हॉटेलबाहेर उभे राहून ओंजळीत वरून ओतलेलं पाणी पीत. आम्ही बौद्ध, ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येकाला माहीत होती. बाबा ती कधी रागाने सांगत नसत, हाताची ओंजळ करून दाखवत, बस. त्यांच्या मुलीने पाणी ओतून टाकलं होतं.

तरी मी काही केलं नाही. त्या आठवड्यात बारावीला जन्मजात प्रतिकारशक्तीचा धडा होता. त्वचा ही शरीराची पहिली भिंत, ती जंतूंना आत येऊ देत नाही, असं मी फळ्यावर लिहीत होते. मागून एका मुलीने विचारलं, "मैडम, दीवार खुद ही बीमार हो जाए तो? जैसे अपने भैया की?" कोणी हसलं नाही. मी तास संपवला, फाटकापाशी गेले आणि दादांना म्हटलं, "शनिवारी गोंदियाला जायचं. वहिनींनाही घ्या."

चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचा चेहरा, मान, हात उजेडात नीट पाहिले. कापूस फिरवून, टाचणी टोचून कुठे बधिर आहे का ते तपासलं. "कुष्ठरोग नाही," त्या म्हणाल्या, तशा वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

"गाजरगवतात काम करता का?"

दादांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "करतात," मी म्हटलं. "मीच सांगते करायला."

नेमकं कशाने होतं ते बघायला बाईंनी दादांच्या पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, आणखी दोन दिवसांनी पुन्हा. गाजरगवताच्या पट्टीखाली कातडी लाल होऊन बारीक फोड आले होते. बाकीच्या जागा साफ होत्या.

मी विचारलं, "इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच कसं?"

बाई सावकाश बोलल्या. "तुम्ही मुलांना त्वचा म्हणजे भिंत शिकवता ना? तिच्या विटा जिवंत आहेत. गवताचा चीक लागला, कातडी खरचटली, वरून घाम आणि ऊन, की त्या पेशी दुखावतात आणि ओरडतात. हे त्या जन्मापासून करतात, शत्रू कोण ते त्यांना ओळखता येत नाही. त्वचेत काही पहारेकरी पेशी असतात. ही ओरड ऐकली की त्या तो चीक उचलतात आणि काखेतल्या, मानेतल्या गाठींत नेऊन दुसऱ्या पेशींना दाखवतात. ओरड झाली नसती तर त्यांनी बहुतेक दुर्लक्ष केलं असतं. यांच्या अंगात ती ओरड दर पावसाळ्यात होत राहिली. एका वर्षी त्या दुसऱ्या पेशींनी गाजरगवत शत्रू म्हणून ठरवून टाकलं. आणि त्या विसरत नाहीत. आता हवेतली नुसती भुकटी लागली तरी पुरते."

दादांनी विचारलं, "म्हणजे माह्या आंगानं काही पाप नाई केलं?"

"नाही हो. अंग राखण करतंय. गरजेपेक्षा जास्त करतंय."

"बरं होईन का?"

"ताब्यात राहील. गवतापासून लांब राहावं लागेल."

परतताना वहिनी खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. मी दादांना म्हणाले, "माझ्यामुळे झालं. मला पुस्तकातून माहीत होतं आणि तरी तुम्हाला..."

"गवत त सगळीकडंच हाय, म्याडम. वावरात, रस्त्यानं. तुमी नसतं सांगतलं त बी लागलंच असतं." मग समोरच्या सीटच्या दांड्याकडे बघत म्हणाले, "पाणी सांडलं होतं तुमी, थे मात्र मले दिसलं होतं."

वारासिवनी येईपर्यंत आम्ही तसेच बसलो.

पुढच्या सोमवारी मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन शिक्षकांच्या बैठकीत उभी राहिले. हा संसर्ग नाही, गवताची ॲलर्जी आहे, आणि ती आपल्या शाळेच्या कामातून वाढली आहे, असं सांगितलं. मला आधीच कळायला हवं होतं, हेही सांगितलं. मुख्याध्यापकांनी दादांची खुर्ची त्याच दिवशी कार्यालयात आणली. चहा पुन्हा सुरू झाला, पण दोघं-तिघं तेव्हापासून घरून थर्मास आणू लागले आणि कोणी विचारलं तर ॲसिडिटीचं नाव सांगत. गवत आता फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून काढतात. पलीकडचा मोकळा प्लॉट मात्र कोणाच्या ताब्यात नाही. तिथलं तसंच वाढतं.

दादा मागच्या वर्षी निवृत्त झाले. गोळ्या चालू आहेत, त्यांच्यासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं. थंडीत चेहरा निवळतो, पावसाळ्यात पुन्हा तापतो. वावरात जायला मनाई, म्हणून बांधावर आता वहिनी एकट्याच जातात आणि घरी आल्यावर अंघोळ करून, लुगडं बदलून मगच त्यांच्याजवळ बसतात.

मी गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. ते ओसरीच्या आत, दाराआड बसले होते, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. कपाळावर जुन्या रेघा राहिल्यात, त्या आता जाणार नाहीत असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. गावात दोघा जणांना तसंच सुरू झालंय, असं दादांनी सांगितलं. एक पंचायतीचा सफाईवाला, दुसरी एक वीटभट्टीवरची बाई. ती घराबाहेर निघत नाही.

"तिले नेता का गोंदियाले?" त्यांनी विचारलं. "लोक तिच्या पोरीले बी जवळ येऊ देऊन नाई राह्यले."

मी हो म्हटलं. कुठे राहते ते विचारून घेतलं आणि उन्हं असतानाच तिच्या घराकडे निघाले.