कोयत्याचा रेफरन्स

नगरच्या सावेडीत एका फ्लॅटमध्ये आमचं गेम बनवायचं ऑफिस होतं. खाली दातांचा दवाखाना, वर आम्ही. आम्ही म्हणजे चित्रं काढणारे चौघे आणि मालक, ज्यांना सगळे सर म्हणत. सरांनी जगातले बहुतेक गेम खेळले होते आणि त्यापलीकडच्या जगाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. एका सकाळी त्यांनी जाहीर केलं की आता आपण अस्सल नगरी गेम करायचा. नायिका ऊसतोड बाई, हातात कोयता, आणि कारखान्याच्या चिमणीतून निघणारे राक्षस. ऐकून मला आनंद झाला. इतकी मी बावळट होते.

आमच्याकडे एक रीत होती. कुठलंही चित्र दाखवलं की सर पहिला प्रश्न विचारत, "रेफरन्स कुठल्या गेमचा?" परदेशी गेमचं नाव सांगितलं की चित्र पास. सांगता आलं नाही की, "मनाचं काढू नका." त्यामुळे महिनाभरात आमची अस्सल नगरी बाई दोन्ही हातांनी कोयता डोक्यावर धरून जपानी योद्ध्यासारखी उभी राहिली. गोदाकाठच्या उसात गुलाबी पाकळ्या उडू लागल्या. साडीवर तिला मी पुरुषाचा शर्ट चढवला होता, कारण उसाचं पातं कापतं. सर म्हणाले, "साडीवर शर्ट कोण घालतं? विचित्र दिसतं." शर्ट गेला, रेशमी पट्टा आला. राक्षसाचा वार चुकवायला ती तोडलेल्या फडात कोलांटी मारायची. उसाचे बुडखे पाठीत घुसतील, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "सगळ्या गेममध्ये कोलांटी असतेच," म्हणून सरांनी विषय संपवला.

मला हे कसं माहीत, ते मी सांगत नव्हते. माझे आईवडील पाथर्डीकडचे. दर हंगामाला कोपरगावकडे तोडणीला जायचे आणि लहानपणी मी पाचटावर बसून त्यांच्याकडे बघत असायचे. ऑफिसात मी "घरी शेती आहे" एवढंच सांगितलं होतं. दीड एकर खडक म्हणजेही शेतीच की.

शेवटी त्या दोन हातांच्या कोयत्याची मला शिसारी आली. मी आईचा ऊस तोडतानाचा घाव चित्रात काढला. डाव्या हातात ऊस, कंबर वाकलेली, कोयता अगदी जमिनीलगत, आणि मनगटाचा एकच झटका. मग उभं राहता राहता शेंड्याचं वाढं उडवायचं आणि ऊस मागे टाकायचा. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर दिसावा म्हणून मनगटाचा झटका मी जरा वाढवला.

"रेफरन्स?" सरांनी विचारलं.

आईचा, हा शब्द जिभेवर आला होता. "एक कोरियन गेम आहे, सर," मी म्हणाले आणि तोंडाला येईल ते नाव ठोकून दिलं.

सर खूश झाले. "बघा! बाहेरचे लोक किती अभ्यास करतात!" तो गेम आपण खेळलो आहोत, असंही त्यांनी ठोकलं. मला मनातून हसू येत होतं. आपण किती हुशार, असं दोन महिने वाटत राहिलं.

मग आई चष्म्याचा नंबर काढायला नगरला आली आणि मला भेटायला ऑफिसात चढली. सरांनी कौतुकाने तिला गेम दाखवला. ती पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "ही तर तोडनीवाली हाय. म्या बी लई ऊस तोडलाय, साहेब."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जे लपवायला मी इतकी धडपडले होते, ते असं सहज बाहेर आलं आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. सरांना फक्त गेमच्या जाहिरातीसाठी व्हिडिओ हवा होता. त्यांनी आईच्या हातात फुटपट्टी दिली. "मावशी, करून दाखवा बरं."

आईने पदर खोचला आणि वाकली. फरशीवर, टेबलखुर्च्यांच्या मधे, तिने तिचा तो घाव घातला. सरांनी तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"जवळजवळ जमलंय, मावशी. फक्त मनगट कमी फिरतंय. गेममध्ये कसंय बघा."

आईने नीट बघितलं. "व्हय की. आमी अडानी मानसं, साहेब, आमचंच चुकत आसंल." आणि तिने माझ्याकडे पाहिलं, पुढचं मला विचारावं तसं.

मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, फार काही नाही.

"हां आई," मी म्हणाले, "अजून थोडं फिरव."

तिने फिरवलं.