दर तासाला आंधळगाव

भंडाऱ्याच्या बसस्टँडवरचे कंट्रोलर लग्नाचं आवतण द्यावं तशा सुरात गाडी पुकारायचे, "चला जी, आंधळगाववाले!" मी आंधळगावच्या शाळेत शिकवायला जायचो. दिवसाला दोनच गाड्या, त्याही खचाखच भरलेल्या. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी कंट्रोलरनी वरच्या साहेबांकडे खेटे घालून दर तासाला गाडी मिळवली, पण महिनाभराच्या बोलीवर. गाडी रिकामी धावली तर बंद होणार होती.

पहिला आठवडा ती रिकामीच धावली. ड्रायव्हर कंट्रोलरकडे कुरकुरला, "साहेब, थोडी भरू द्या ना. रिकामी कायले सोडून राहिले?"

"जाऊ दे बाप्पा. वेळेवर गाडी येतेच, हे लोकायले कळू दे."

महिना संपता संपता एका विणकर बाईंची गाडी डोळ्यांदेखत सुटली. हातात सुताचं गाठोडं होतं. मीही तेव्हाच पोचलो होतो; मी हळहळलो.

"काहून जीव खालीवर करता, गुरुजी? दुसरी येऊनच राहिली," म्हणत त्या निवांत बाकावर टेकल्या.

कंट्रोलरनी ते ऐकलं आणि धावत बाहेर येऊन बाईंना चक्क वाकून नमस्कार केला. बाई गोंधळून माझ्याकडे बघू लागल्या.

पुढची गाडी आली, तेव्हा आम्हा दोघांना उभं राहण्यापुरतीच जागा मिळाली. महिना संपला आणि गाडी कायम झाली.